चांगला कोण, वाईट कोण?
‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या निमित्ताने

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावरचा विषय वाचून पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं आहे. गणपतीसमोर ड्रॅगनच्या मालिकेवर कसलं भाषण? आमच्या घरातही हाच प्रश्न विचारला गेला. कार्यकर्त्यांनी विषय माझ्यावर सोडला, ही त्यांची चूक.

ही मालिका मी बघितली ती 2020च्या टाळेबंदीत. आपल्या इंदूरला तेव्हा दूधसुद्धा मोजून मिळत होतं. नातू पुण्याहून इथे अडकला होता. दिवसभर त्याचं ऑफिस लॅपटॉपवर, आणि रात्री जेवणं झाली की एक भाग. एकूण 73 भाग. आधीच सांगून ठेवतो, ही मालिका घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघण्यासारखी नाही. मधेच नातू म्हणायचा, “आबा, जरा चहा टाका ना.” काही भागांत मी तीन-तीनदा चहा टाकला.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज आर. आर. मार्टिन हे अमेरिकन लेखक. त्यांच्या कादंबरीमालेचं पहिलं पुस्तक 1996 साली आलं, पाचवं 2011 साली. एचबीओनं त्यावरून केलेली मालिका 2011 ते 2019 अशी आठ पर्वं चालली. इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकात दोन राजघराण्यांत गादीसाठी जी युद्धं झाली, त्यांवरून लेखकाला बरंचसं सुचलं. त्यात बर्फाचे राक्षस आणि ड्रॅगन घातले. पण राक्षस-ड्रॅगन बाजूला ठेवा. मला धरून ठेवलं ते माणसांनी.

पहिल्याच भागात दोन घटना आहेत, आणि दोन्हींच्या जागी दहा वर्षांचा एक मुलगा आहे, ब्रॅन.

पहिली घटना अशी. उत्तरेला बर्फाची प्रचंड भिंत आहे. तिच्यावर पहारा देणाऱ्यांनी जन्मभराची शपथ घेतलेली असते. पहारा सोडून पळाला त्याला मृत्युदंड. असा एक पळालेला तरुण पकडून आणतात. तो म्हणतो, मी शपथ मोडली हे मला कबूल आहे. पण मी भिंतीपलीकडे ते प्राचीन राक्षस पाहिले, लोकांना हे कळायला हवं. ब्रॅनचे वडील नेड स्टार्क तिथले अधिपती. अत्यंत सरळ, न्यायी माणूस. ते त्याचं ऐकून घेतात आणि स्वतःच्या हातानं त्याचं शीर उडवतात. शिक्षा सुनावणाऱ्यानंच तलवार चालवली पाहिजे, असा त्यांच्या घराण्याचा नियम. मुलाला समोर उभं करून ते दाखवतात. तो खरं सांगत होता का, असं ब्रॅन विचारतो, तेव्हा ते समजावतात की वेड्याला जे दिसायचं ते दिसतं, राक्षस हजारो वर्षांपूर्वीच संपले. पण आपण प्रेक्षकांनी अगदी सुरुवातीच्या दृश्यात ते राक्षस पाहिलेले असतात. म्हणजे तो तरुण शब्दन्‌शब्द खरं बोलत होता.

दुसरी घटना भागाच्या शेवटी. भिंतींवर चढायची खोड असलेला ब्रॅन एका बुरुजाच्या खिडकीशी पोचतो आणि आत राणी सर्सी आणि तिचा जुळा भाऊ जेमी यांना नको त्या अवस्थेत बघतो. जेमी त्या पोराला खिडकीतून खाली ढकलून देतो. मुलगा वाचतो, पण कायमचा पांगळा होतो.

आता सांगा, चांगला कोण आणि वाईट कोण? त्या रात्री माझा निकाल तयार होता. तुमचाही तोच असेल.

या जेमीला सगळं राज्य ‘राजघातकी’ म्हणून हिणवतं. राजाचा अंगरक्षक असून त्यानं राजाच्याच पाठीत तलवार खुपसली होती. दोन पर्वं आपणही त्याच्याकडे त्याच नजरेनं बघतो. तिसऱ्या पर्वात त्याचा उजवा हात तोडला जातो. आयुष्यभर जो हात हीच त्याची ओळख होती, तोच. मग हमामखान्यातलं ते दृश्य येतं. तापानं फणफणलेला जेमी, समोर ब्रियेन नावाची स्त्री-योद्धा. तीही त्याला तुच्छच समजत असते. तिला तो पहिल्यांदाच खरी हकीकत सांगतो. तो राजा वेडा झाला होता. सगळ्या राजधानीखाली त्यानं स्फोटक द्रव्य पुरून ठेवलं होतं. शत्रू वेशीत शिरला तेव्हा त्यानं हुकूम सोडला, जाळा सगळ्यांना. शहरात पाच लाख माणसं होती. जेमीनं आधी तो हुकूम पाळायला निघालेल्या माणसाला मारलं, मग राजाला. थोड्या वेळानं नेड स्टार्क आत आले, त्यांनी राजाचं प्रेत पाहिलं, जेमीला पाहिलं, आणि मनाशी निकाल देऊन टाकला. का केलंस, असं कुणी विचारलं नाही. यानंही मग सांगितलं नाही.

मी नातवाला म्हटलं, “थांबव जरा.” तो म्हणाला, “चहा?” मी म्हटलं, नाही, नुसतं थांबव.

मार्टिनसाहेबांनी पुस्तकात केलंय काय, तर प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचं नाव दिलंय, आणि ते प्रकरण त्याच पात्राच्या डोळ्यांनी दिसतं. जेमीच्या नावाचं प्रकरण तिसऱ्या पुस्तकापर्यंत येतच नाही. दोन जाडजूड पुस्तकं तो फक्त दुसऱ्यांच्या नजरेतून दिसतो. हे वाचून आपल्या पिढीला कशाची आठवण होईल? ‘मृत्युंजय’ची. शिवाजी सावंतांनी 1967 सालीच कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली अशांच्या तोंडून कथा सांगितली. कर्ण स्वतः बोलायला लागला आणि आपण रडलो. द्यूतसभेत द्रौपदीला तो काय बोलला, ते रडता रडता विसरलो. त्याच वर्षी इरावतीबाईंचं ‘युगान्त’ आलं, आणि बाईंनी कर्णाला ती सूट दिली नाही. आमच्या घरात दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर होती, आणि त्यावरून माझं आणि हिचं भांडण झालेलं आहे. ही इरावतीबाईंच्या बाजूची.

तर जेमीची हकीकत ऐकल्यावर तो चांगला ठरतो का? ज्या पोराचे पाय गेले, त्याच्या दृष्टीनं काय फरक पडला? पाच लाख माणसं वाचवली, त्यातून एक मूल वजा करा, अशी वजाबाकी होत नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी राहतात. माणूस कळला म्हणजे तो सुटला असं नव्हे, पण कळायच्या आधी निकाल द्यायचा अधिकारही आपल्याला नाही.

डेनेरिस या राजकन्येच्या बाबतीत नेमकं उलट आहे. ही त्याच वेड्या राजाची मुलगी. परागंदा, भावानं विकलेली. तिचं सगळं दुःख आपल्याला आधी दाखवलं जातं. ती गुलामांना मुक्त करत निघते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. एका शहराच्या मालकांनी तिला भिवविण्यासाठी 163 गुलाम मुलं रस्त्याकडेच्या खांबांवर खिळे ठोकून मारलेली असतात. शहर जिंकल्यावर ती 163 मालकांना तसंच खिळे ठोकून मारते. तिचा वृद्ध सरदार सांगतो, दया दाखवा. ती म्हणते, हा न्याय आहे. मीही बसल्या जागी मान डोलावली. मग दोन भागांनी एक तरुण दरबारात येतो. म्हणतो, त्या मालकांत माझे वडील होते, आणि मुलांना मारू नका असं सांगणारे तेच होते. मला निदान त्यांचे अंत्यसंस्कार करू द्या. तिच्याकडे उत्तर नसतं. परवानगी देते. 163 मोजताना कुणाची चौकशी झालेली नव्हती.

शेवटच्या पर्वात तीच डेनेरिस ड्रॅगनवर बसून राजधानीवर चालून जाते. शहर शरण येतं, शरणागतीच्या घंटा वाजतात, आणि तरीही ती सगळं शहर जाळते. बापानं जे योजलं होतं ते लेकीनं पुरं केलं. जेमीनं राजाला मारून जे शहर वाचवलं होतं तेच हे, आणि त्याच दिवशी त्याच्याच ढिगाऱ्याखाली, बहिणीला मिठी मारून जेमी मरतो.

जगभरच्या प्रेक्षकांनी यावर आरडाओरडा केला. तिला असं कसं दाखवलं? माझंही म्हणणं आहे की शेवटची दोन पर्वं घाईनं उरकली. जेमीच्या तोंडी तर शेवटाजवळ असं वाक्य घातलंय की त्या सामान्य लोकांची मला फारशी पर्वा कधीच नव्हती. मग हमामखान्यात तो काय सांगत होता? तिथे लेखक चुकले, असं माझं स्पष्ट मत. पण डेनेरिसबद्दल मात्र नाही. टिरियन हा बुटका सरदार शेवटच्या भागात ते बोलून दाखवतो: ती जाईल तिथे दुष्ट माणसं मरत होती आणि आपण तिचा जयजयकार करत होतो. जेमीचा गुन्हा आधी दाखवला, कारण नंतर सांगितलं. हिचं कारण आधी सांगितलं, गुन्हा नंतर दाखवला. माझ्या मनातला निकाल त्या क्रमाप्रमाणे फिरत राहिला.

हे मला इतकं का लागलं, ते सांगायला हवं. माझी नोकरी बँकेतली, हे इथे पुष्कळांना ठाऊक आहे. शेवटची काही वर्षं माझ्याकडे खातेनिहाय चौकशीची कामं होती. साधारण पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माळव्यातल्या एका लहान शाखेत एक तरुण कॅशियर भर दुपारी, काउंटर सुरू असताना, कुणाला न सांगता निघून गेला. चावी शिपायाच्या हातात देऊन गेला. यापेक्षा सरळ प्रकरण असू शकत नाही. चौकशीत त्यानं दोन्ही गोष्टी कबूल केल्या. वर म्हणाला, “साहेब, गड्ड्यांमध्ये नोटा कमी भरताहेत. मी दोनदा सांगितलं, कुणी ऐकलं नाही. माझ्या सहीवर ते येईल म्हणून मी घाबरून गेलो.” मी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं, अगदी नेड स्टार्कसारखं. आणि अहवालात लिहिलं की सदर मुद्दा प्रस्तुत आरोपाच्या कक्षेबाहेर आहे. आरोप सिद्ध. त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या, लांबच्या शाखेत बदली झाली. वर्षभरात त्यानं नोकरी सोडली.

पुढे दोनेक वर्षांनी त्याच शाखेत रोकड कमी निघाली. मला ते कळलं तेव्हा मी निवृत्तीच्या कागदांत गुंतलो होतो. तोवर सगळ्या फायली बंद झाल्या होत्या. मीही गप्प राहिलो.

मालिकेचा पहिला भाग आम्ही शेवटी पुन्हा एकदा लावला. त्या पळालेल्या तरुणाचं बोलणं मी या खेपेला नीट ऐकलं. नातवानं विचारलं, “आबा, काय झालं?” त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग तुम्ही त्यांना शोधलं का नाही?” मी म्हटलं, आता कुठे शोधणार. त्यानं फोनवर तासाभरात शोधून दिलं.

टाळेबंदी उठल्यावर मी पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी फोन आला. आधी त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, हिची केली. मुलगा काय करतो ते विचारलं. मग म्हणाले, “साहेब, तुम्ही लिहिलंत त्यात चूक काही नव्हती. मी निघून गेलोच होतो.” आणि थोडं थांबून म्हणाले, “फक्त मी काय म्हणत होतो, त्याची एक ओळ खाली लिहिली असतीत तर बरं झालं असतं. वडील असेपर्यंत विचारत होते, साहेबांनी तुझं लिहून घेतलं का म्हणून.”

आरतीची वेळ झाली आहे.