पुरानंतर दवाखाना साफ करताना



पूर ओसरला की आरोग्य उपकेंद्र साफ करायला हाक आम्हा बचत गटाच्या बायकांनाच येते. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ चा महापूर कोण विसरेल? म्हणून आज पाण्यात भिजलेल्या सामानाविषयी बोलतो.

फरशी, लोखंडी खाट धुऊन निघते. पण प्लायवूडचं कपाट, छताचे जिप्समचे तक्ते, गाद्या, पुठ्ठे पाणी पिऊन बसतात. २४ ते ४८ तासांत वाळले नाहीत, तर आत बुरशी धरते. वरून पुसून ती जात नाही. धडधाकट माणसाला नुसत्या शिंका येतील. पण दिवसांआधी जन्मलेल्या बाळाला, कॅन्सरच्या रुग्णाला तीच जिवावर बेतू शकते. असं सामान बाहेरच काढायचं.

कसं काढायचं? आधी मेनस्विच बंद करवून घ्या. पेशंट दुसऱ्या खोलीत हलवायला सांगा, मधलं दार लावा. तोंडाला पदर पुरत नाही. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, गमबूट हवेतच. बुरशी कोरडी झाडू नका, थोडं पाणी शिंपडा. तक्ते न फोडता प्लास्टिकमध्ये बांधून मागच्या दारानं न्या. फुटलेल्या जुन्या सिमेंट पत्र्यांना हात लावू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. चिखलातल्या सुया सिस्टरांना दाखवा, स्वतः उचलू नका. ब्लीचिंग पावडरीत अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

मास्क-हातमोजे मिळाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असं आम्ही गटात ठरवलंय. तुमच्याही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.