न सुचवलेली शस्त्रक्रिया

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची बातमी महाराष्ट्रात घरोघरी पोचली ती मुख्यतः दोन माणसांमुळे. 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि 2017 च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने आणून मुंबईच्या सैफी रुग्णालयात दाखल केलं. त्यांचं वजन पाचशे किलो सांगितलं जात होतं. क्रेनने त्यांना आत नेतानाची दृश्यं टीव्हीवर किती वेळा दाखवली असतील, गणती नाही. पुढे त्या अबुधाबीला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते ऑपरेशन. तेही एकच. आजही पेशंट उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला असो की बदलापूर पश्चिमेचा, प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, ते वजनाचं ऑपरेशन करून घेऊ का?"

ती ऑपरेशनं पाच-सहा आहेत. आणि त्यांतलं सर्वांत जास्त वजन उतरवणारं ऑपरेशनच सर्वांत कमी वेळा सुचवलं जातं. ते का, एवढंच आज बोलायचं आहे. मी जनरल सर्जन आहे. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशयाचे खडे हे माझं काम. वजनाची ऑपरेशनं मी करत नाही. ज्यांना गरज आहे त्यांना ठाण्या-मुंबईला पाठवते आणि ते परत आले की त्यांचं रक्त तपासते. त्यामुळे मला कुठलंच ऑपरेशन खपवायचं नाही.

हल्ली सगळीकडे चालतं ते स्लीव्ह. दुर्बिणीतून स्टेपलर घालून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. आतड्याला हात लावत नाहीत. दुसरं गॅस्ट्रिक बायपास. बायपास म्हटलं की घरचे लोक छातीला हात लावतात, पण याचा हृदयाशी संबंध नाही. जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. त्याचाच सोपा भाऊ म्हणजे मिनी बायपास, त्यात दोनाऐवजी एकच जोड. आणि ज्याचं नाव या सभागृहात फार थोड्यांनी ऐकलं असेल ते ड्युओडेनल स्विच, थोडक्यात डीएस.

डीएस समजून घ्यायला कल्याण जंक्शन डोळ्यांसमोर आणा. कर्जतकडून येणारा मार्ग आणि कसाऱ्याकडून येणारा मार्ग कल्याणला एकत्र होतात. डीएसमध्ये आधी जठराची नळी करतात, पण जठराचं खालचं दार शाबूत ठेवतात. मग आतड्याची मांडणी अशी बदलतात की अन्न एका मार्गाने येतं आणि पित्त व स्वादुपिंडाचे रस दुसऱ्या मार्गाने. दोघांची गाठ पडते ती मोठं आतडं जेमतेम शंभर सेंटिमीटरवर आल्यावर. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. म्हणजे तेलतूप पचायला शेवटचा मीटरभर रस्ता मिळतो, बाकीचं तसंच बाहेर जातं.

ही कल्पना इटलीतल्या जेनोव्हाचे सर्जन निकोला स्कोपिनारो यांची. त्यांनी 1979 मध्ये तिचा पहिला अहवाल दिला. 1988 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या डग्लस हेस यांनी तिला आजचं रूप दिलं. 1999 मध्ये न्यूयॉर्कला मिशेल गॅग्नर यांनी हे ऑपरेशन दुर्बिणीतून केलं. अतिवजनाच्या पेशंटला एवढं लांब ऑपरेशन एकदम झेपत नाही, म्हणून त्यांच्या चमूने त्याचे दोन टप्पे पाडले: आधी नुसतं जठर कापायचं, काही महिन्यांनी आतड्याचं काम. पहिल्या टप्प्यानंतरच पेशंट इतके उतरू लागले की काहींना दुसऱ्याची गरज वाटेना. तो पहिला टप्पा म्हणजेच आजचं स्लीव्ह. ज्या ऑपरेशनची पानभर जाहिरात येते ते मुळात डीएसचा अर्धा भाग आहे, आणि पूर्ण ऑपरेशन कुणाला माहीत नाही!

आता आकडे. 2004 मध्ये हेन्री बुकवाल्ड आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढले. मधुमेह आटोक्यात येऊन औषधं सुटण्याचं प्रमाण जठराभोवती पट्टा बसवलेल्यांत 47.9 टक्के, बायपासमध्ये 83.7 टक्के, आणि स्कोपिनारोंची पद्धत व डीएस मिळून 98.9 टक्के. याच अभ्यासात ऑपरेशननंतर तीस दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण जठर लहान करणाऱ्या पद्धतींत 0.1 टक्का होतं, बायपासमध्ये 0.5 आणि डीएसच्या गटात 1.1. पहिली ओळ वाचून जो भुलेल त्याने दुसरीही वाचावी. शिवाय रोममधल्या दहा वर्षांच्या अभ्यासात, तो 2021 मध्ये आला, स्कोपिनारो पद्धतीनंतर निम्म्या लोकांचा मधुमेह दूर राहिला, बायपासनंतर चौथाई लोकांचा. म्हणजे ती अठ्ठ्याण्णव टक्क्यांची चमक काळाबरोबर उतरते, पण फरक उरतोच. आणि गंभीर गुंतागुंतही स्कोपिनारो पद्धतीतच जास्त होती.

सर्जन लोक डीएसला घाबरतात त्याला एक जुना इतिहासही आहे. 1950 च्या दशकात मिनेसोटात आतड्याचा मोठा भाग वगळण्याचं पहिलं ऑपरेशन झालं. वजन उतरलं, पण पुढे लिव्हर निकामी होणं, मुतखडे, सांधेदुखी यांनी पेशंट बेजार झाले आणि ते ऑपरेशन बंद करावं लागलं. आतड्याला हात लावला की अनर्थ होतो, हे त्या पिढीने विद्यार्थ्यांना शिकवलं, आणि विद्यार्थ्यांनी पुढच्यांना.

हात बसण्याचाही प्रश्न आहे. स्लीव्ह शिकायला तुलनेने सोपं. डीएसमध्ये जठराच्या दारापाशी, स्वादुपिंडाला चिकटलेल्या जागी जोड घालायचा असतो. वर्षाला दोन-चार करून हात तयार होत नाही, आणि करणारे कमी म्हणून पाठवणारेही कमी. या चक्रात भारतातले बहुतेक सर्जन अडकलेले आहेत.

पण भीती आणि कौशल्य एवढ्यावर सगळं भागत नाही, याचा पुरावा मिनी बायपास. रॉबर्ट रटलेज यांनी ते 1997 मध्ये अमेरिकेत सुरू केलं. तिथल्या सर्जनांनी नाकं मुरडली: पित्त जठरात येईल, पुढे कॅन्सर होईल. अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेची मान्यता त्याला 2022 मध्ये मिळाली. त्याआधीच भारतात ते रुळलं होतं. पंजाबातल्या कुलर यांच्यासारख्या सर्जनांनी शेकड्यांनी केलं आणि निकाल छापले. माणसाचं आतडं तिकडेही तेच आणि इकडेही तेच. कुठलं ऑपरेशन माहीत होतं आणि कुठलं होत नाही, हे वैद्यकापेक्षा त्या त्या ठिकाणच्या सर्जनांच्या सवयीवर जास्त ठरतं, असं माझं मत आहे.

सवयीच्या पलीकडे एक सरळ व्यवहार आहे. स्लीव्ह हे ऑपरेशन थिएटरमध्ये बऱ्याच अंशी संपतं. डीएस तिथे सुरू होतं. लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने ज्या भागात शोषले जातात तो ड्युओडेनम म्हणजे आतड्याचा पहिला भाग डीएसमध्ये वगळला जातो. चरबी पचत नाही म्हणून तिच्याबरोबरची ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही निसटतात. गोळ्या जन्मभर, रक्ततपासणी जन्मभर. कंटाळा केला तर दोन-तीन वर्षांत हाडं ठिसूळ, रातांधळेपणा, अंगावर सूज. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के आधीच पंडुरोगी आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. शिवाय डीएसनंतर दिवसाला नव्वद ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम. पोट झालंय मुठीएवढं, त्यात वरणाच्या डझनभर वाट्या कशा मावणार? अंडी, मासे, पनीर, प्रथिनांची पावडर रोज न चुकता घेणाऱ्याचंच हे काम.

आणखी एक गोष्ट व्यासपीठावरून कुणी बोलत नाही, मी बोलते. डीएसनंतर दिवसाला दोन-चार वेळा पातळ, अतिशय दुर्गंधीचं शौचास होऊ शकतं, तेलकट खाल्लं तर जास्तच. बदलापूरहून सकाळची सीएसएमटी लोकल पकडून दीड-पावणेदोन तास उभ्याने जाणाऱ्या माणसाला हे सांगायला नको का? लोकलला स्वच्छतागृह नसतं. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या बाईला किती वेळा उठता येतं? हे परदेशी शोधनिबंधात सापडणार नाही.

मग हा पाठपुरावा करणार कोण? ऑपरेशन होतं मुंबई-ठाण्यात. दर काही महिन्यांनी तिथे जायचं म्हणजे पगाराचा एक दिवस बुडतो. दुसऱ्या वर्षापासून माणूस जात नाही, हे मी इथे बसून पाहते. कॅम्प तीनचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय यांच्या खांद्यावर बाळंतपणं, अपघात, साप, ताप यांचा भार आहे. ए जीवनसत्त्वाची तपासणी त्यांच्याकडे मागणं म्हणजे थट्टाच.

पैशाचं गणित यालाच जोडलेलं आहे. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांनुसार वजनाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 40 लागतो, किंवा 35 आणि सोबत बेफाम मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं यांसारखं काही. या मर्यादा 1991 च्या अमेरिकी शिफारशींशी जुळतात. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी 2009 मध्येच भारतीयांसाठी 37.5 आणि आजार असल्यास 32.5 सुचवले. कारण आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पाच फूट तीन इंच उंचीची, पंच्याऐंशी किलोची, मधुमेह असलेली अंबरनाथची बाई सर्जनच्या हिशेबी पात्र असते आणि विमा कंपनीच्या हिशेबी नसते. मग दागिने मोडून पैसे उभे करणारं कुटुंब लहान, स्वस्त, लवकर घरी सोडणारं ऑपरेशन मागणार, आणि सर्जनही तेच देणार. विमा मिळाला तरी बहुतेक पॉलिसी ऑपरेशनचे पैसे देतात, पुढच्या वीस वर्षांच्या गोळ्यांचे नाही.

तेव्हा आपल्या पट्ट्यात बहुतेकांना डीएस सुचवलं जात नाही, हे बऱ्याचदा शहाणपणाचंच असतं. पण बीएमआय पन्नासच्या पुढे गेलेल्या, मधुमेहाने पोखरलेल्या, शिस्तीने गोळ्या घेणाऱ्या एखाद्या पेशंटला ते अस्तित्वात आहे हेसुद्धा न सांगता स्लीव्हच्या टेबलावर घेणं मला पटत नाही. काही वर्षांनी त्याचं वजन परत चढतं, छातीत जळजळ सुरू होते, आणि तो समजतो की चूक आपलीच. माद्रिदच्या सर्जनांनी 2007 मध्ये सुरू केलेलं एकाच जोडाचं डीएस, ज्याला साडी-एस म्हणतात, अशा फसलेल्या स्लीव्हवर आता काही ठिकाणी केलं जातं. 2025 च्या मार्चपासून भारतात मिळणाऱ्या माउन्जारोसारख्या इंजेक्शनांनी काहींचं ऑपरेशन टळेलही. तीही बंद केली की वजन परत येतं, आणि पाठपुरावा कोण करणार हा प्रश्न तिथेही आहेच.

शेवटी एक कामाची गोष्ट, मग प्रश्न घेऊ. तुमच्या घरी कुणाचं यातलं कुठलंही ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'बॅरिएट्रिक सर्जरी' लिहून घेऊ नका. पूर्ण ऑपरेशन नोट मागा: जठर किती ठेवलं, आतडं कुठे जोडलं, किती सेंटिमीटर वगळलं. तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बायपास किंवा डीएस झालेल्या माणसाच्या पोटात पाच वर्षांनीही आतडं आतल्या आत अडकू शकतं. रात्री दोनला तो पोट धरून इथल्या एखाद्या दवाखान्यात आला, तर ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायचं की ताबडतोब स्कॅन करायचा, हे समोरच्या डॉक्टरला त्या नोटवरूनच कळणार आहे.