तीस वर्षांची वाट
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज आम्ही ज्यांचे चरित्र आपणापुढे ठेवणार आहोत, ते ना राज्यकर्ते होते, ना धनिक. इंग्लंडच्या डोंगराळ मुलखात सामान्य माणसास मोकळेपणी पायी हिंडता यावे, या एकाच ध्यासापायी त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचे नाव टॉम स्टीफन्सन.

१८९३ साली लँकेशायर परगण्यातील चॉर्ली येथे त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि कापडछपाईच्या कारखान्यातील मजुरी नशिबी आली. त्याच सुमारास ते पेंडल नावाच्या टेकडीवर चढले आणि डोंगरांनी त्यांस कायमचे वेड लावले. पहिल्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीस स्मरून त्यांनी शस्त्र धरण्याचे नाकारले व कारावास पत्करला. पुढे ते पत्रकार झाले.

त्या काळी उत्तर इंग्लंडमधील कितीतरी माळपठारे जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. गिरणीतल्या मजुरास समोरचा डोंगर दिसे. परंतु त्यावर पाऊल ठेवण्याची चोरी! अशात दोन अमेरिकन तरुणींनी पत्र लिहून, पायी प्रवासास योग्य अशी लांब वाट इंग्लंडात आहे काय, अशी पृच्छा केली. अमेरिकेत ॲपलाचियन मार्ग होता. इंग्लंडात तसे काहीच नव्हते. तेव्हा २२ जून १९३५ रोजी ‘डेली हेरल्ड’ पत्रात स्टीफन्सन यांनी लेख लिहून पेनाइन पर्वतराजीच्या माथ्यावरून जाणाऱ्या सलग वाटेची मागणी केली.

लेख एका दिवसात छापून झाला. वाटेस मात्र तीस वर्षे लागली. १९३८ साली त्यासाठी मंडळ स्थापन झाले. जेथे जाण्याचा हक्क नव्हता, तेथे तो मिळवावयाचा होता. कोठे जमीनदार अडून बसत, तर कोठे जलाशयांचे पाणी दूषित होईल अशी हरकत निघे. १९४८ साली स्टीफन्सन यांनी पार्लमेंटच्या काही सभासदांनाच डोंगरावर चालविले! १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा संमत झाला आणि १९५१ साली मार्गास मान्यता मिळाली. पदयात्रींच्या संघटनेचे चिटणीस या नात्याने ते १९४८ पासून १९६९ पर्यंत झटत राहिले. अखेर २४ एप्रिल १९६५ रोजी मॅलम येथील माळावर ‘पेनाइन वे’चे उद्घाटन झाले. एडेलपासून स्कॉटलंडमधील कर्क येथमपर्यंत ही वाट सुमारे २६८ मैलांची आहे.

१९८७ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, स्टीफन्सन निवर्तले. खुल्या डोंगरमाळांवर हिंडण्याचा व्यापक हक्क देणारा कायदा इंग्लंड व वेल्समध्ये २००० साली झाला. तो पाहण्यास ते हयात नव्हते.

बंधुभगिनींनो, सभा भरविणे व ठराव करणे आपणा सर्वांस अवगत आहे. ठरावानंतरची तीस वर्षे नेटाने कशी काढावीत, हे मात्र या गिरणी-मजुराच्या चरित्रावरून शिकण्यासारखे आहे.