मात्रा आणि चौकट : जुने स्वरलेखन व नवे चित्रसंपादन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या स्मृतीस मी प्रथम विनम्र अभिवादन करतो. आजचा विषय वरवर पाहता यंत्रांचा आहे. संगणकावर स्वरलेखन करणारी जुनी सॉफ्टवेअरे आणि चित्रफीत जुळविणारी नवी सॉफ्टवेअरे यांना एकत्र कसे नांदवावे, असा हा प्रश्न. परंतु इचोड्यासारख्या गावी त्याचा खरा संबंध आपल्या परिसरातील गाण्यांशी आहे, हे मला सांगावयाचे आहे.

स्वर लिहून ठेवण्याची खटपट आपल्याकडे संगणकाच्या पुष्कळ आधीची. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह छापविल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू, समेला फुली आणि खालीला शून्य. एवढ्या मोजक्या खुणांवर बंदिशीचा सांगाडा कागदावर टिकला. स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर तत्त्वतः हेच करते. कोणता स्वर, कोणत्या मात्रेवर, किती वेळ, एवढी सूचना ते साठविते. चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरला मात्रा ठाऊक नसते; ते चित्राच्या चौकटी मोजते. एकाचे माप लयीचे, दुसऱ्याचे घड्याळाचे. दोघांचा बेबनाव होतो तो या मापांपायी.

हा बेबनाव साध्या त्रैराशिकाने मिटतो. आपल्या देशातील दूरचित्रवाणीची चाल सेकंदाला २५ चौकटींची. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली, तर एका मात्रेला २५ चौकटी येतात आणि त्रितालाचे १६ मात्रांचे आवर्तन ४०० चौकटींत पुरे होते. लय ७५ केली तर मात्रेला २० चौकटी, १०० केली तर १५. मात्र १२० केली की साडेबारा येतात, आणि अर्धी चौकट कोणालाच कापता येत नाही. म्हणून चित्रासाठी लय ठरविताना हा भागाकार आधी करावा. चित्रपटाची चाल २४ चौकटींची असते. तोच पट २५ च्या चालीने दाखविला, तर तासाचा खेळ २ मिनिटे २४ सेकंद आधी आटोपतो. भ्रमणध्वनीवरील चित्रणात चौकटींचा वेग पुष्कळदा कमीजास्त होत राहतो. तेव्हा ते आधी एका स्थिर वेगात उतरवून घ्यावे आणि मगच त्यावर स्वर बसवावेत.

ध्वनीचेही असेच आहे. गाण्याच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, तर चित्रफितीसाठी ४८,०००. पहिल्या मापाचा ध्वनी दुसऱ्या मापाचा समजून वाजविला, तर लय वाढते आणि सूर पेटीच्या सुमारे दीड पट्टीने चढतो. गायकाचा दोष नसताना गाणे बेसूर ठरते.

बोलपटाच्या आरंभी गाणे आणि चित्र एकाच वेळी टिपले जाई. पुढे पार्श्वगायनाची पद्धत आली आणि दोन्ही वेगळी टिपली जाऊ लागली. वेगळे टिपलेले चित्र आणि आवाज जुळविण्याचे साधन म्हणजे चित्रीकरणाआधी वाजणारी फळी. फळ्या मिटलेली चौकट आणि तिचा आवाज एका रेषेत आणले की पुढचे सारे जुळते. आपण साधी टाळी वाजविली, तरी तेच काम होते.

आता जुन्या साधनांच्या आयुष्याविषयी. ‘फिनाले’ हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर पस्तीस वर्षे जगभर चालले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी त्याचा विकास व विक्री थांबविल्याचे जाहीर केले. त्यात लिहिलेले संगीत त्या दिवशी नाहीसे झाले नाही. पण ज्यांनी ते केवळ त्याच साच्यात ठेवले, त्यांचे संगीत एका जुन्या यंत्राच्या श्वासावर उरले. १९८३ पासून प्रचारात असलेली ‘मिडी’ आणि २००४ पासूनची ‘म्युझिक-एक्सएमएल’ या सर्वांसाठी खुल्या लेखनपद्धती आहेत. पहिली स्वर आणि काळ वाहून नेते, तर दुसरी लिहिलेल्या पानाचा बराचसा तपशीलही नेते. जुने सॉफ्टवेअर अवश्य वापरावे, हात बसलेले साधन उगाच टाकू नये. परंतु त्यातून निघालेली प्रत्येक रचना खुल्या रूपात, ध्वनीच्या रूपात आणि छापील कागदावर, अशी तिहेरी ठेवावी.

हे सारे कोणासाठी? आपल्या जिल्ह्यातील परधान कलावंत तीन तारांच्या किकरीवर गज फिरवून गोंडांच्या देवकथा गातात. हायमेंडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात येथे राहून अभ्यास केला, तेव्हा त्यांनी नोंदविले की परधानांची घरची बोली मराठी आणि कथागायनाची भाषा गोंडी. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभी असलेली ही परंपरा आपल्या सीमाभागाचे खरे धन आहे. दिवाळीच्या दिवसांत दंडारीत गुसाडी नाचतात. त्या नृत्याचे गुरू, मर्लवाईचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ साली ते निवर्तले. जाणत्या माणसाबरोबर किती ताल आणि किती पावले जातात, याचा हिशेब कोणत्याही यंत्रात नाही.

केवळ स्वरलिपी लिहिली, तर किकरीची मींड आणि गजाचा दाब निसटतो. केवळ चित्रफीत ठेवली, तर ऐकणारा गहिवरेल, पण नवख्याला शिकावयास आधार मिळणार नाही. लिहिलेली मात्रा आणि टिपलेली चौकट शेजारी आल्या, म्हणजे पाहता पाहता वाचता येते आणि वाचता वाचता वाजविता येते. जुने आणि नवे साधन एकत्र हवे ते याचसाठी.

विद्यार्थी मित्रहो, शाळेतील जुना संगणक आणि घरातील भ्रमणध्वनी एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. प्रथम गाणाऱ्याची अनुमती घ्या. गाणे त्याचे आहे, आपण केवळ लेखनिक. चित्रणाआधी एक टाळी वाजवा. गाव, तिथी आणि गाण्याचा प्रसंग लिहा. गाणाऱ्याची इच्छा असेल तर त्याचे नावही. मग सावकाश स्वर उतरवा, लिहिलेले त्यालाच गाऊन दाखवा आणि तो सांगेल तशी दुरुस्ती करा. अशी वर्षाला दोन गाणी नीट झाली, तरी शाळेच्या कपाटात काही वर्षांत एक ग्रंथ उभा राहील, आणि त्या गाणाऱ्यांची नातवंडे तो उघडावयास याच शाळेत येतील.