ओझूच्या सिनेमातला दुकानाचा पोऱ्या



जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू कोण, हे या सभागृहात सांगायला नको. ‘टोकियो स्टोरी’ पाहून इथल्या निम्म्यांनी रुमाल भिजवलेत. आज मी त्याच्या १९३२ सालच्या मूकपटावर बोलणार आहे, ‘आय वॉज बॉर्न, बट...’. सगळे समीक्षक म्हणतात, हा बाप-लेकांचा सिनेमा. माझं म्हणणं, तो दुकानाचा माल घरोघर पोचवणाऱ्या पोऱ्याचा आहे. हसा, हसा. आमच्या घरीही हसतात.

कथा तुम्हाला ठाऊकच आहे. योशी नावाचा नोकरदार टोकियोच्या उपनगरात, साहेबाच्या घराजवळ बिऱ्हाड हलवतो. त्याच्या दोन पोरांना गल्लीतला दांडगट पोरगा छळतो. पोरं पोऱ्याला गाठतात, तो त्या दांडगटाला सरळ करतो. आता साहेबाच्या पोराला, तारोलाही बडव, असं पोरं म्हणतात. पोऱ्या साफ नकार देतो. का? तर तारोच्या घरचं गिऱ्हाईक मोठं! बाप जे पोरांपासून लपवत असतो, ते हा पोऱ्या उभ्या उभ्या सांगून मोकळा होतो.

जपानी मूकपट म्हटलं की बेन्शी आलेच. पडद्याशेजारी उभे राहून ते गोष्ट सांगत, सगळ्या पात्रांचे आवाज काढत, आणि लोक नटाइतकेच त्यांच्या नावावर तिकिटं काढत. अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ बेन्शीच होता. बोलपट आले आणि या मंडळींच्या पोटावर पाय आला, संप झाले... नाही, हे विषयांतर नाही, पोटाचाच विषय चाललाय. बरं, आवरतो. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत.

तर साहेबाच्या घरी हौशी चित्रीकरण दाखवतात. प्राणिसंग्रहालय येतं, झेब्रा पांढऱ्यावर काळा की काळ्यावर पांढरा, यावर पोरं हुज्जत घालतात. मग पडद्यावर त्यांचा बाप येतो, साहेबाला हसवायला तोंडं वेडीवाकडी करत. खोली हसते. दोन पोरं हसत नाहीत. रात्री घरी रणकंदन, आणि सकाळी उपोषण. तारोच्या बापानं पगार दिला नाही तर जेवाल काय, असं बाप विचारतो. मग आम्ही जेवणारच नाही!

तिसऱ्या रांगेतून कुजबुज ऐकू आली, ‘बाप बिचारा.’ कबूल. मी त्याला नावं ठेवत नाही. इथं बसलेल्या कुणी साहेबाच्या विनोदावर हसलं नसेल, त्यानं हात वर करावा. (सभागृहात हशा.) माझा मुद्दा एवढाच, की ज्याच्या हाती पैसा त्याच्यापुढे वाकायचं, हा धडा पोरांना बाप शिकवतो असं आपण मानतो. तो पोऱ्यानं आधीच शिकवलेला असतो. फक्त तेव्हा पोरांना तो आपल्या बापालाही लागू आहे हे कळलं नव्हतं.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. १९५९ च्या ‘ओहायो’मध्ये ओझू पुन्हा अशाच दोन रुसलेल्या भावांकडे वळला, तिथं भांडण दूरदर्शन संचावरून. त्यावर बोलायचं राहिलं. आपल्या मूकपटाच्या शेवटी भाताचे गोळे खाऊन पोरांचं उपोषण सुटतं आणि तीच बापाला सांगतात, जा, साहेबाला नमस्कार कर.

आता प्रश्न. एकच घेतो.