आधीं धूर, मग आवाज

मालवणच्या धक्क्यावर उभें राहणाऱ्यास ठाऊक असतें कीं, दूरच्या होडींत कोणी हातोडा मारला तर घाव आधीं दिसतो, आवाज मागाहून येतो. धांवण्याच्या शर्यतींतला न्याय या साध्या गोष्टीवर अवलंबून आहे.

ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. शंभर मीटरच्या शर्यतींत पिस्तुलाचा बार अंतिम रेषेपाशीं पोंचण्यास पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो. म्हणून हातांत घड्याळ घेतलेल्या पंचानें बार ऐकून नव्हे, धूर पाहून कळ दाबावी, असा नियम आहे. आवाजासाठीं थांबणारा पंच धांवणाऱ्यास न कमावलेला वेग बहाल करतो.

चारशे मीटरच्या शर्यतींत आठव्या पट्ट्यांतील गडी वळणावर बराच पुढें उभा असतो. पिस्तूल पहिल्याजवळ वाजलें, तर आठव्यास तें सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही उशिरा ऐकूं येतें. यासाठीं मोठ्या स्पर्धांत प्रत्येकाच्या मागें ध्वनिक्षेपक असतो.

उतावळेपणासही क्षमा नाहीं. २०११ मध्यें दक्षिण कोरियांतील दैगू येथें खुद्द युसेन बोल्ट बाराआधींच सुटल्यानें शंभर मीटरच्या अंतिम शर्यतींतून बाद झाला.

ज्या शाळेपाशीं ध्वनिक्षेपक नाहीं, तेथें पिस्तूलधाऱ्यानें सर्वांपासून शक्य तितक्या सारख्या अंतरावर उभें राहावें. या न्यायास एक पैचाही खर्च येत नाहीं.