माय गोंड, बाप बौद्ध

मित्रांनो, जय भीम. आणि माझ्या मायच्या वतीनं जय सेवा.

ही दोन्ही एकाच तोंडातून निघाली की सभेत कुजबुज होते. होऊ द्या. माय धानोऱ्याकडची गोंड, बाप चांद्याचा बौद्ध. लग्न झालं तेव्हा मायच्या गावानं पंचायत बसवून दंड घेतला, आणि बापाच्या वस्तीतल्या बायांनी तिच्या हातचं पाणी टाळलं. होय, आपल्याच वस्तीतल्या! हे झाकून क्रांती होत नसते. बाप मग मायच्या गावी घरजावई झाला.

गोंडात सोयरीक करताना आधी विचारतात, किती देवांचे? चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे. देव सारखे असले की भाऊबंद, लग्न नाही. मी काय सांगणार? आज्यानं 1956 लाच बावीस प्रतिज्ञा घेऊन देव मोडीत काढलेले. मामा म्हणायचा, "भाशा, तू बिनदेव्या." मायेनं म्हणायचा, पण पंगतीत बाजूला बसवायचा.

घरात मात्र भांडण नव्हतं. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरनंतर चांद्यात दीक्षा दिली. 21 ऑक्टोबर 1858 ला त्याच चांद्यात इंग्रजांनी बाबुराव शेडमाकेला फासावर चढवलं. मधे पाच दिवस. दोन्ही रात्री आमच्या उंबऱ्यावर मेणबत्ती लागायची, एकाच पुड्यातली.

कचेरीत हे चालत नाही. तिथं माणूस म्हणजे बापाचा कागद. साहेब विचारतो, एससी का एसटी? म्हटलं, दोन्ही. "असं नसते ना रे भाऊ!" 2006 च्या वनहक्क कायद्यात मायनं दावा केला तर 13 डिसेंबर 2005 आधीचा कब्जा दाखवायचा. बापानं केला तर तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा रहिवास. धुरा एक, नांगर एक, बैलजोडी एक! पट्टा नवराबायको दोघांच्या नावे निघावा असं तोच कायदा सांगतो. तरी बापाचं आडनाव दिसलं आणि साहेबानं 1930 सालचा पुरावा मागितला.

बाबासाहेबांनी 1916 साली न्यूयॉर्कात मांडलं की जात टिकते ती आपल्यातच लग्न लावण्यानं. 1936 साली सांगितलं, रक्त मिसळू द्या. माझ्या अडाणी मायबापानं ते न वाचता केलं. अमेरिकेत काळ्यागोऱ्यांच्या लग्नावरची बंदी कोर्टानं 1967 साली उठवली. आपल्याकडे बंदीला कायदा लागलाच नाही, पंचायत पुरली.

1973 च्या जाहीरनाम्यात पँथरनं दलित या शब्दात अनुसूचित जमातीही घेतल्या. कागदावर. आपल्या मंचावरून गोंडीत बोलणारा तुम्ही किती वेळा ऐकला? चळवळीत येताना मायला बाहेर ठेवून या, असं कोणी तोंडानं म्हणत नाही. पण टाळ्या फक्त बापाच्या नावाला पडतात.

2012 साली सुप्रीम कोर्टानं गुजरातेतल्या एका आदिवासी आईच्या मुलाच्या खटल्यात सांगितलं की बापाची जात हा शेवटचा शब्द नव्हे. मूल आईच्या समाजात वाढलं, त्या समाजानं आपलं मानलं, तेच हाल त्यानं भोगले, हे दाखवता येतं. ठरतं ते पुराव्यावर.

म्हणून फॉर्मवर रकाना एकच असेल तर मी मायची जमात लिहितो, कारण तिच्या गावात वाढलो. छातीवर निळा बिल्ला बापाचा. दोन्ही माझे. यासाठी मी कोणाची परवानगी मागत नाही, मामाचीही नाही, तुमचीही नाही.

रविवारी याच हॉलमध्ये आम्ही अर्ज भरायला बसतो आहोत. माझ्यासारखी पोरं असतील तर आणा. येताना मायच्या गावचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आजोबाच्या नावाचा सातबारा असेल तर तोही. गोंडी लिहिणारा एक पोरगा राहील. दहा वाजता.